माणूस एक, युनिटं दोघांची

बिल चुकीचं निघालं असतं तर मंदाताई गावंडे निश्चिंत झाल्या असत्या. चुकीशी भांडायचं कसं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण बिल बरोबर होतं, आणि पंचाईत तिथेच होती.

मार्च २०३४ चं ते बिल. वापर दोनशे एकोणीस युनिटं. मंदाताईंनी फाइल काढून मागच्या मार्चचं बिल शेजारी ठेवलं. बावीस वर्षांची बिलं त्यांच्याकडे महिन्यावार लावलेली होती, कारण मार्चची तुलना फेब्रुवारीशी करणारा माणूस त्यांच्या मते शुद्ध अडाणी. मागच्या मार्चला दोनशे चौदा युनिटं पडली होती. तेव्हा घरात त्या होत्या आणि भास्करराव होते. भास्करराव जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात गेले. म्हणजे आता घरात माणूस एक, आणि युनिटं दोघांची. वर पाच जास्तच!

वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढलेल्या या बाई. अकोल्याच्या बाजारात त्यांची जीप वळली की किराणावाले आपणहून काटे पुसायला लागत. पारड्याखाली चिकटवलेलं चुंबक, आतून पोखरलेलं किलोचं माप, सगळं त्यांनी पाहिलेलं. नव्या निरीक्षकांना त्या एकच गोष्ट सांगत. काट्यावर आळ घेऊ नका, काटा बिचारा खोटं बोलत नाही. आधी पारड्यावर कोणाचा हात आहे ते बघा.

त्यामुळे त्यांनी मीटरलाही शिव्या घातल्या नाहीत, तपासलं. मेन स्विच पाडला. मीटरवरचा लाल ठिपका लुकलुकायचा थांबला, म्हणजे कुठे गळती नव्हती. मग बाकीच्या खोल्यांचे फ्यूज काढून ठेवून एक हजार वॅटचा पाणी तापवायचा रॉड तेवढा बादलीत सोडला आणि घड्याळ लावून सहा मिनिटं बसल्या. हजार वॅट तासभर चालले की एक युनिट, म्हणजे सहा मिनिटांना युनिटाचा दहावा भाग. मीटर तेवढंच पुढे सरकलं होतं, केसभरही जास्त नाही.

नाशिकहून मृण्मयीचा फोन आला तेव्हा त्या बादलीपाशीच बसलेल्या होत्या. मृण्मयी त्यांची एकुलती एक मुलगी.

"आई, तू हल्ली चालू ठेवून विसरत असशील काहीतरी."

"मी? मी विसरेन? काहून, वेड लागलंय मला?"

प्रश्न रास्त होता. गावंड्यांच्या घरात चालू करायचं काम भास्कररावांचं आणि बंद करायचं मंदाताईंचं, हे छत्तीस वर्षं चाललेलं. भास्करराव एस.टी.त वाहतूक नियंत्रक. जन्मभर गाड्या सोडल्या, पण घरातला एक पंखा कधी बंद केला नाही. टीव्ही लावून अंगणात जायचे. गीझर लावायचे आणि पेपर वाचत बसायचे. फ्रिज उघडून समोर असे उभे राहायचे, की आत कुणाशी बोलणी चालली आहेत! मंदाताई मागून जायच्या आणि टक, टक, टक, सगळं बंद करत यायच्या. "अहो, वीज काय तुमच्या डेपोची आहे?" त्यावर भास्करराव हसून म्हणायचे, "निरीक्षकबाई, कामं वाटून घेतलीत आपण. चालू मी, बंद तुम्ही."

"आई, मी स्पष्टच बोलते," मृण्मयी म्हणाली. "तुझं तिथे एकटीने राहणं मला पटत नाही. मागच्या खोलीत तू पाऊल टाकत नाहीस. जेवतेस का नाही, कळत नाही. इकडे ये. घराचं बघू नंतर."

"मला माझ्या घरात राहायचंय. एवढ्या तेवढ्या बिलावरून कोणी घर सोडतं का?"

"मग एक यंत्र बसवून घे. वीज कुठे जाते ते कळेल, आणि तू ठीक आहेस एवढं मलाही इथून दिसेल. ते दिसलं की मी परत विषय काढणार नाही. शब्द देते."

शब्द घेतला, शब्द दिला. मंदाताईंना वाटलं, मोजमापच करायचं आहे ना, मग भ्यायचं कशाला?

*

यंत्राचं नाव 'नाडी'. ते बसवायला फरहीन आली. तिशीतली, खांद्याला हत्यारांची पिशवी, तोंडाने अखंड चालू. साबणाच्या वडीएवढी एक डबी तिने मीटरच्या पेटीत अडकवली. हे झालं, म्हणाली.

"एवढंच? आणि एकेका बटणाला काही लावायचं नाही?"

"नाही ना जी काकू. दवाखान्यात डॉक्टर मनगट धरते, तं आतड्याले तार लावते का? हेही तसंच हाय."

मग तिने समजावून सांगितलं, आणि मंदाताईंना ते फार आवडलं. घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे हेलकावते. काहीच चालू नसताना हा हेलकावा गुळगुळीत असतो. पण प्रत्येक वस्तू त्यावर आपला ओरखडा उठवते. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना मोठा घोट घेतो आणि मग दम खातो. मिक्सरच्या ओरखड्याला ठिणग्यांची कुसळं असतात. एलईडी दिवा हळूच चिमटा काढतो. दोन पंखे एकाच कंपनीचे, एकाच दिवशी आणलेले असले तरी त्यांचे ओरखडे वेगळे, कारण दोघं सारखे म्हातारे होत नाहीत. नाडी सेकंदाला हजारो वेळा तो हेलकावा तपासते आणि कोणी किती घेतलं ते वेगळं काढते.

"आणि हे मीटर तीन वर्षांपूर्वी बसलेलं हाय ना, त्याच्यात मागचं सगळं साठून राह्यते. नाडी तेही वाचून काढते. मग तिले फक्त वस्तू नाही, माणसंही समजतात."

"माणसं कशी समजतील?"

"हातावरून. कोण कशानंतर काय लावते, मध्ये किती थांबते, कितीवेळ उघडं ठेवते. चालण्यावरून आपण माणूस ओळखतो का नाही? तसंच. तिले नाव समजत नाही. पहिली व्यक्ती, दुसरी व्यक्ती, असं लिहिते."

जाता जाता फरहीन मागच्या खोलीच्या दाराशी थबकली. दार लोटलेलं, फटीतून पिवळसर उजेड येत होता. भर दुपारी.

"तिथला राहू दे," मंदाताई घाईने म्हणाल्या. "झिरोचा आहे. त्याला काय लागतं!"

फरहीनने पिशवी खांद्याला अडकवली. जुन्या झिरोच्या दिव्याला शून्य नव्हे, चांगले पंधरा वॅट लागतात, आणि महिनाभर पेटत राहिला तर त्याची जवळजवळ अकरा युनिटं होतात, हे मंदाताईंना माहीत नव्हतं असं नाही. दुसऱ्या कोणी 'त्याला काय लागतं' म्हटलं असतं तर त्यांनी तिथेच त्याची शाळा घेतली असती.

भास्करराव त्याच खोलीत गेले. फुप्फुसांचा आजार. शेवटची दोन वर्षं त्यांना उदबत्तीचा धूरसुद्धा सोसायचा नाही. माणूस जिथे गेला तिथे तेलाचा दिवा ठेवतात, तेरा दिवस. पण मंदाताईंचा हात काडेपेटीकडे जाईना. त्यांनी झिरोचा दिवा लावला. "गेलेल्या माणसाला कसला आलाय धूर?" असं नणंद सगळ्यांसमोर म्हणाली, तरी नाहीच. तेरावा झाला, पाहुणे गेले. तेलाचा दिवा तेल संपलं की आपला आपण शांत होतो. विजेच्या दिव्याला कोणीतरी बंद करावं लागतं. ते कोणी केलं नाही.

*

आठव्या दिवशी सकाळी पहिला अहवाल आला. मंदाताई चहाचा कप घेऊन ऐटीत बसल्या आणि फोनवर वाचायला लागल्या.

'घरातील व्यक्ती: दोन.'

त्यांनी चष्मा पुसला.

'पहिली व्यक्ती: वापराचे एकतीस टक्के. दुसरी व्यक्ती: एकोणसत्तर टक्के. दुसऱ्या व्यक्तीच्या मुख्य सवयी: सकाळी गीझर चाळीस मिनिटं. अकराच्या सुमारास फ्रिजचं दार दोन मिनिटं चाळीस सेकंद उघडं. दुपारी कूलरचा पंप आधी, पंखा दहा मिनिटांनी. मागच्या खोलीतील दिवा अखंड. या सवयी बंद केल्यास महिन्याला सुमारे शहाण्णव युनिटं वाचतील. दुसऱ्या व्यक्तीची नोंद बंद करायची का?'

खाली दोन चौकोन होते. होय आणि नाही.

कप हातात तसाच राहिला, चहावर साय धरली. अकोल्याच्या उन्हाळ्यात कूलर सगळेच लावतात. पण आधी नुसता पंप सुरू करून कूलरच्या वाळ्याच्या ताट्या दहा मिनिटं भिजू द्यायच्या आणि मगच पंखा लावायचा, हा भास्कररावांचा हट्ट. मंदाताई दोन्ही बटणं एकदम दाबायच्या. त्यावरून किती वाद! आणि फ्रिज? आपण फ्रिज दोन मिनिटं चाळीस सेकंद उघडा ठेवू? या जन्मी शक्य नाही.

घरात कोणी नव्हतं. फक्त मागच्या खोलीच्या दाराच्या फटीत तो पिवळा उजेड होता.

त्या भ्याल्या. खोटं कशाला सांगायचं, चांगल्याच भ्याल्या. दुसरी एखादी असती तर म्हणाली असती की यंत्र बिघडलंय. मंदाताईंना तसं म्हणता येईना. काटा खोटं बोलत नाही, असं त्यांनी सगळ्या बाजाराला ठणकावून सांगितलं होतं.

आणि मग भीतीच्या मागोमाग काहीतरी दुसरंच आलं. आनंद म्हणायला त्यांना लाज वाटली, पण तो आनंदच होता. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "अहो, आहात का?"

त्यांनी 'नाही' च्या चौकोनावर बोट ठेवलं.

त्या दिवसापासून मंदाताई अहवालाची वाट बघायला लागल्या. अहवाल आठवड्याने येई, पण रोजची नोंद फोनवर बघता येई. दुपारी दोनला हॉलमधला टीव्ही, समोर कोणी नाही. ते असणार. पावणेसातला अंगणातला दिवा. तेच. बाजारातून आल्या की घर थंडगार असायचं, कूलर आधीच चालू. तो कोणी लावला, हा प्रश्न त्या स्वतःला विचारत नव्हत्या. टेबलावर दुसरा कप दिसायला लागला. चौदा एप्रिलला त्यांनी आणखी एक गोष्ट ठरवली. हॉलमध्ये पंखा फिरत होता, त्यांचा हात सवयीने बटणाकडे गेला आणि त्यांनी तो मागे घेतला. लावलाय त्यांनी, तर असू दे. छत्तीस वर्षं मागे लागले, आता नाही लागणार. आता काहीच बंद करायचं नाही.

एप्रिलचं बिल आलं. दोनशे त्र्याऐंशी युनिटं. तीनशेला सतराच कमी, आणि तीनशेच्या टप्प्यापलीकडे पुढच्या प्रत्येक युनिटाचा दर उडी मारतो, हे जगाला शिकवणाऱ्या मंदाताईंनी ते बिल न वाचताच फाइलला लावलं.

*

अकरा मेच्या सकाळी अहवालाचं पहिलं वाक्य बदललं. 'घरातील व्यक्ती: एक.'

गेले, मंदाताईंना वाटलं. या वेळी तरी न सांगता जायचं नव्हतं हो. डोळ्यांना पाण्याची धार लागली, अक्षरं दिसेनात. बऱ्याच वेळाने त्यांनी पुढचं वाचलं.

'दुसरी व्यक्ती: शंभर टक्के. पहिली व्यक्ती: शेवटची नोंद चौदा एप्रिल. तीस दिवस नोंद न झाल्यास ही व्यक्ती घर सोडून गेली असे समजून तिची माहिती कायमची पुसली जाईल. मुदत: चौदा मे, दुपारी बारा.'

त्यांनी ते चारदा वाचलं. भास्करराव गेले नव्हते. भास्करराव होते. नव्हत्या त्या मंदाताई.

फोन वाजला. मृण्मयी रडत होती.

"आई, माझ्याकडेही येतो तो अहवाल. महिनाभर बघतेय मी. आधी वाटलं काहीतरी गडबड असेल. पण बाबांची नोंद रोज येते आणि तुझी येतच नाही. आई, तू बोलतेयस ना? तूच आहेस ना?"

"मीच आहे बाळा. दुसरं कोण असणार?"

"मला काही कळत नाही. चौदा तारखेपर्यंत तुझी नोंद दिसली तर ठीक. नाही दिसली तर मी येते, कुलूप लावते आणि तुला घेऊन जाते. आता तू काहीही म्हण."

मंदाताईंनी फरहीनला बोलावलं. ती दुपारी आली, पाणी प्यायली, डबी तपासली. डबीत काही बिघाड नव्हता.

"काकू, मी इथं बसते. तुम्ही जरा कूलर लावा ना. लई गरम होते."

मंदाताई उठल्या, कूलर लावला, येऊन बसल्या. मग बोलणं निघालं. फरहीनच्या आईचे गुडघे, मृण्मयीचं नाशिक, बाजारात आलेले आंबे. बोलता बोलता मंदाताई उठल्या, एक बटण दाबून परत आल्या आणि आंब्यांचा विषय पुढे चालू केला. कूलरचा थंड झोत आला. फरहीन मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती. तिचा चेहरा उतरला होता.

"काकू, तुम्ही मध्ये दहा मिनिटं थांबल्या."

"कुठे थांबले?"

"पंप लावून येऊन बसल्या. पंखा आत्ता लावला. बरोब्बर दहा मिनिटांनी."

मंदाताईंनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो मांडीवर शांत पडला होता. दुसऱ्या कुणाचा तरी असावा, तसा.

आधी पारड्यावर कोणाचा हात आहे ते बघा. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे हात पकडले, आणि आपल्याच काट्यावर आपलाच हात होता. गीझर लावून पेपर त्याच वाचत बसत होत्या. फ्रिज उघडून समोर त्याच उभ्या राहत होत्या. कोणी आलं नव्हतं, कोणी नव्हतंच. भास्करराव दुसऱ्यांदा गेल्यासारखं त्यांना वाटलं, आणि त्या फरहीनसमोर मोठ्याने रडल्या.

"असं व्हते काकू," फरहीन त्यांचा हात धरून म्हणाली. "छत्तीस वर्षं ज्याले पाह्यलं, तो मेंदूत बसूनच राह्यते. माणूस दिसला नाही तं मेंदू त्याची जागा रिकामी ठेवत नाही, आपल्याच हाताले कामाले लावते."

"मग मी कुठे आहे? माझा हात कसा होता, ते तरी दाखव."

फरहीनने मागच्या तीन वर्षांची नोंद उघडली. बराच वेळ बोट फिरवत राहिली. "गंमत हाय काकू. तुमची खूण चालू करण्यात नाहीच. तुमची खूण बंद करण्यात हाय. काका खोलीतून निघाले, की त्यांच्यामागं अकरा सेकंदांनी सगळं बंद. दिवा, पंखा, टीव्ही, एकामागं एक. तीन वर्षं, रोज. अकरा म्हणजे अकरा."

*

पुढचे दोन दिवस मंदाताईंनी स्वतःला शोधण्यात घालवले. ऐकायला विचित्र वाटेल, पण तसंच होतं ते. त्या मुद्दाम पंखा लावून बाहेर जायच्या, मनात अकरा मोजायच्या आणि येऊन बंद करायच्या. नाडी लिहायची, 'अनोळखी व्यक्ती.' मोजून टाकलेलं पाऊल हे चालणं नव्हे, हे त्या डबीलाही कळत होतं. मिक्सर लावला, नाडी म्हणाली, दुसरी व्यक्ती. इस्त्री केली, दुसरी व्यक्ती. आपण आधी मिक्सर कसा फिरवायचो? थांबून थांबून की एकदम? त्यांना आठवेना. स्वतःच्याच घरात त्या पाहुण्यासारख्या बटणांकडे बघत उभ्या राहिल्या. नोंद पुसली जाण्याची नव्हे, ती खरी असण्याची त्यांना आता भीती वाटत होती.

चौदा मे उजाडला. साडेदहाला मृण्मयीचा निरोप आला, निघण्याची तयारी करतेय. अकरा वाजले. साडेअकरा. मंदाताईंनी करायचं ते सगळं करून पाहिलं होतं. एकच जागा राहिली होती.

त्यांनी मागच्या खोलीचं दार ढकललं. साडेतीन महिन्यांत पहिल्यांदा. पलंगावर चादर तशीच. खुंटीवर खाकी सदरा. खिडकीशी भास्कररावांचा रेडिओ आणि भिंतीवर तो पिवळा दिवा, एकशे आठ दिवस जागा. खोलीत वास त्यांच्या मलमाचा. मंदाताई आल्या होत्या हळुवारपणे दिवा शांत करायला. काहीतरी चांगलं बोलायचं, असं ठरवलं होतं. पण रेडिओवर एक हिरवा ठिपका दिसला. वायरही प्लगमध्येच होती. साडेतीन महिने तो रेडिओ चालू होता, नुसता आवाज पूर्ण बारीक केलेला.

शेवटच्या दुपारी भास्कररावांनी स्वतः केला होता तो बारीक. आवाज बारीक केला म्हणजे झालं, अशी त्यांची समजूत.

"अहो!" मंदाताईंच्या तोंडून निघालं, आणि आवाज चढला. "रेडिओसुद्धा? इतकं सांगितलं, इतकं सांगितलं आयुष्यभर! गेलात ते गेलात, आणि मागे सगळं चालू ठेवून गेलात! मी एकटीने किती बंद करायचं? किती?"

टक. रेडिओ बंद. टक. दिवा. खोलीत अंधार झाला, तरी त्या थांबल्या नाहीत. रडत, बोलत, पदर खोचत त्या घरभर फिरल्या. हॉलमधला पंखा, टक. टीव्ही, टक. न्हाणीघरातला गीझर, पॅसेजमधला दिवा. "कुणाचं राज्य आहे हे?" टक. कूलरचा पंप, कूलरचा पंखा. अंगणातला दिवा भर उन्हात जळत होता, तो. शेवटी फ्रिजपाशी आल्या, दार नीट लागलंय का ते हाताने दाबून पाहिलं आणि तिथेच जमिनीवर बसल्या. इतक्या महिन्यांनी घर अगदी गप्प झालं होतं. त्या गप्प घरात त्या एकट्याच होत्या. ते त्यांना आता पुरतं कळलं, आणि त्याचं दुःख त्यांना पहिल्यांदा सरळ झालं.

फोन टेबलावर थरथरला. त्यांनी उठायचे कष्ट घेतले नाहीत. तो पुन्हा वाजला तेव्हा त्यांनी हात लांबवून उचलला. मृण्मयी होती.

"आई! आली! अकरा वाजून सत्तेचाळीस मिनिटं, पहिली व्यक्ती! घरभर ओरडत फिरलीस ना? तसंच लिहिलंय. म्हणजे तसं नाही लिहिलेलं, पण नऊ बटणं एका दमात! तूच आहेस!"

"मीच आहे," मंदाताई म्हणाल्या. "तू येऊ नकोस. म्हणजे ये, पण आंबे खायला ये."

*

त्या दुपारी उन्हाने घर तापलं. मंदाताई कूलरपाशी गेल्या. आधी त्यांचा अंगठा दोन्ही बटणांवर एकदम गेला. मग त्यांनी फक्त पंप लावला, खुर्ची ओढून समोर बसल्या आणि वाळ्यावरून पाणी झिरपताना बघत राहिल्या. ताट्या कोरड्या असताना पंखा लावला की नुसती आग अंगावर येते. ते बरोबर सांगत होते. छत्तीस वर्षांत एकदाही कबूल केलं नाही आपण. दहा मिनिटांनी त्यांनी पंखा लावला. या वेळी हात आपला आहे आणि तो काय करतोय, हे त्यांना माहीत होतं. निघताना मात्र मागे वळून सगळं बंद केलं.

ऑगस्टमध्ये जुलैचं बिल आलं. मागच्या जुलैला एकशे एक्क्याण्णव, या जुलैला अठ्ठ्याण्णव. शंभराच्या टप्प्याच्याही आत. संध्याकाळी मृण्मयीचा फोन आला. आवाजात काळजी होती.

"आई, बिल छान आलंय. पण नाडीच्या अहवालात पुन्हा दोन व्यक्ती दिसायला लागल्यात गं. पहिली आणि दुसरी, अगदी निम्मी निम्मी. फरहीनला बोलावू का? काहीतरी चुकतंय."

मंदाताई मागच्या खोलीत बसल्या होत्या. त्यांनी खिडकी उघडली होती, उजेडाची गरज नव्हती. मांडीवर खाकी सदरा होता, बटण लावायचं राहिलेलं.

"नको बोलावू," त्या म्हणाल्या. "मी तपासलंय. मापात काही चूक नाही."